बांधावरून गॅसवाहिनी जाते, मग घरात टाकी का?

रायगड जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या शेताच्या बांधावर गॅसवाहिनीच्या खुणेचे खांब आहेत. मुंबई हायचा गॅस उरणला उतरतो हे त्या शाळेत शिकल्या आहेत. तरी गावात अजून टाकीच येते. टाकीतला गॅस बराचसा आखातातून येतो आणि गरीब घरांच्या टाकीवर सरकार पैसे घालते. मग आपलाच गॅस नळीने घराघरांत देऊन ही सबसिडी बंद का करत नाहीत? शेवटी त्यांनी लिहिले आहे, "गॅस संपत आलाय म्हणून देत नाहीत का?"

ताई, तीस वर्षे मी शहरात आणि शहराच्या कडेला गॅसच्या नळ्या टाकण्याचे काम केले. नव्वदच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत सुरुवात केली, पुढे रायगड आणि पश्चिम महाराष्ट्रात. तुमचा प्रश्न मला अनेक ग्रामसभांत ऐकावा लागला आहे आणि प्रत्येक वेळी त्यामागचा राग मला रास्त वाटला आहे. वाहिनीसाठी जमिनीचा पट्टा गावाने द्यायचा, त्यावर घर बांधायचे नाही, मोठे झाड लावायचे नाही, आणि संध्याकाळी भाकरी मात्र लाकडावर नाहीतर टाकीवर. हे कुणालाही खुपेल.

पण प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो, त्यात खरी अडचण झाकली जाते. आपण विचारतो, "गॅस आहे का?" स्वयंपाकघरापुरता गॅस आहे. विचारायचे आहे ते असे, की वाहिनीपासून तुमच्या शेगडीपर्यंतची नळी कोण टाकणार, तिचा खर्च किती वर्षांत भरून निघणार, आणि ज्या घरांना सबसिडी मिळते ती घरे या नळीच्या वाटेवर आहेत का.

आधी एक घोटाळा दूर करू, कारण ग्रामसभेत निम्मा वेळ त्यातच जातो. टाकीतला गॅस आणि समुद्रातून येणारा गॅस एक नव्हेत. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन असतात. थोड्या दाबाखाली त्यांचा द्रव होतो, म्हणून १४.२ किलो माल एका टाकीत बसतो आणि टेम्पोतून डोंगरावरच्या वाडीपर्यंत जातो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचा द्रव करायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावा लागतो, आणि वायुरूपात कोंबायचा तर रिक्षाच्या सीएनजीसारखा दोनशे बार, म्हणजे साध्या हवेच्या दाबाच्या दोनशेपट, दाब लागतो. घरातल्या साध्या टाकीत तो भरता येत नाही. म्हणून "उरणचा गॅस टाकीत भरून द्या" या मागणीला मिथेनपुरते उत्तर "नाही" असेच आहे. मात्र उरणच्या प्रकल्पात त्याच समुद्री गॅसमधून प्रोपेन-ब्युटेन वेगळे काढून एलपीजी बनवतातही. म्हणजे तुमच्या टाकीत मुंबई हायचा थोडा अंश आजही असू शकतो. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी साधारण ४० टक्के देशातच तयार होतो, रिफायनऱ्यांत आणि अशा प्रकल्पांत. उरलेला ६० टक्के आयात, तोही बहुतेक आखातातून. आयातीची तुमची काळजी खरीच आहे.

आता गॅस किती लागतो ते पाहू. चार-पाच माणसांचे घर रोज साधारण ०.४ घनमीटर नैसर्गिक वायू वापरते. पाहुणे, सणवार धरले तर थोडा जास्त. १४.२ किलोच्या एका टाकीइतकी उष्णता साधारण १६ ते १८ घनमीटर पाईप गॅसमधून मिळते, म्हणजे असे घर वर्षाला आठ-नऊ टाक्यांचे झाले. एक कोटी घरे धरली तर रोजचे ४० लाख घनमीटर होतात. देशात रोज साधारण १० कोटी घनमीटर गॅस निघतो. म्हणजे एक कोटी घरांच्या शेगड्यांना त्याच्या ४ टक्के. स्वयंपाकघर हे गॅसचे फार लहान गिऱ्हाईक आहे, आणि हा आकडा मी प्रत्येक बैठकीत फळ्यावर लिहायचो. देशातल्या तीस कोटींहून जास्त टाकीधारक घरांना एकदम द्यायचा म्हटले तर मात्र देशी गॅस पुरणार नाही. पण तिथपर्यंत पोचण्याआधीच आपण दुसऱ्या गोष्टीला अडतो.

ती दुसरी गोष्ट म्हणजे नळी.

तुमच्या बांधावरची वाहिनी आणि घरातली नळी यांचे नाते हायटेन्शन लाईन आणि घरातला बल्ब यांच्यासारखे आहे. शेतावरून मोठी लाईन गेली म्हणून तिच्यावर आकडा टाकून घरात दिवा लागत नाही. त्या वाहिनीत गॅस घरातल्या नळीच्या कितीतरी पट दाबाने धावतो. शिवाय त्याला बहुधा वासही नसतो. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो मरकॅप्टन नावाच्या द्रव्याचा असतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला, आणि तो घातला जातो सिटी गेट स्टेशनवर, म्हणजे मोठ्या वाहिनीतून शहरासाठी गॅस घेतात त्या ठिकाणी. वाहिनीतून गॅस घ्यायचा तर आधी तिला फाटा काढायला परवानगी, मग गेट स्टेशन, तिथे गाळणे, मोजणे, दाब उतरवणे, वास घालणे. तिथून पोलादी नळी, मग दाब आणखी उतरवणारे डीआरएस नावाचे छोटे स्टेशन, तिथून प्लॅस्टिकची पिवळी (एमडीपीई) नळी ४ बारवर, आणि शेवटी तुमच्या भिंतीवरचा रेग्युलेटर दाब २१ मिलिबारवर आणतो. सायकलच्या ट्यूबमधल्या हवेच्या मानाने हा दाब काहीच नाही. गेट स्टेशनला काही कोटी लागतात, आणि तो खर्च एका गावासाठी निघत नाही. मागे एखादे शहर, औद्योगिक वसाहत किंवा सीएनजी पंपांची रांग लागते.

आता शेवटच्या टप्प्याचा हिशेब. इथेच बहुतेक घोषणा मार खातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेण-अलिबाग पट्ट्यातल्या एका वाडीचे सर्वेक्षण मी स्वतः केले होते. हातात मोजचाक घेऊन, सोबत ग्रामपंचायतीचा शिपाई. मुख्य रस्त्यावरून वाडीकडे वळणारी वाट, मग आठ घरांचा एक पुंजका, मध्ये भाताची खाचरे, पुढे बारा घरे, ओढा, आणि ओढ्यापलीकडे उरलेली. एकूण ४० घरे आणि अडीच किलोमीटर नळी. दर घराला साठ मीटरहून जास्त. खोदाई, मुरूम, पट्टी, चाचणी आणि रस्ता पुन्हा दुरुस्त करून देणे धरून मीटरला १,२०० रुपये समजू. जागेप्रमाणे हा दर दुप्पटही होतो, कातळ लागला तर विचारू नका. तरी घरामागे ७५,००० झाले. वर मीटर, रेग्युलेटर, घरातली जीआय पाईप मिळून दहा हजार. एकूण ८५,०००.

या घरांना उज्ज्वलाची सबसिडी मिळत होती. आज ती टाकीमागे ३०० रुपये आहे, ऑक्टोबर २०२३ पासून. उज्ज्वलाची घरे देशभरात सरासरी वर्षाला चारेक टाक्या घेतात. म्हणजे एका घरामागे सरकारचा वर्षाचा खर्च साधारण १,२०० रुपये. ८५,००० रुपयांची नळी टाकून वर्षाला १,२०० वाचवायचे, तर नुसती मुद्दल सुटायला ७० वर्षे लागतील. तेवढी नळी टिकतही नाही.

दुसरीकडे उपनगरातली ६० सदनिकांची इमारत घ्या. रस्त्यापासून गेटपर्यंत ऐंशी-शंभर मीटर नळी, मग भिंतीवरून वर चढणारे रायझर. घरामागे खर्च वीस हजारांच्या आसपास, आणि प्रत्येक घर बारमाही वापरणारे. तिथेही नुसत्या घरगुती विक्रीवर पैसे निघायला बारा-पंधरा वर्षे जातात. हा धंदा प्रत्यक्षात सीएनजीवर उभा आहे. रिक्षा, टॅक्सी आणि बसमधून जो पैसा येतो, त्यातून घरांच्या नळ्या टाकल्या जातात. १९९५ साली महानगर गॅस स्थापन झाली तेव्हापासून मुंबईतही हीच रीत आहे, आणि ती वाईट आहे असे मला वाटत नाही.

आता या दोन चित्रांतली विसंगती बघा. जिथे नळी परवडते त्या इमारतीतल्या घरांना २०२० पासून टाकीवर थेट सबसिडी जवळजवळ मिळतच नाही. जिथे सबसिडी जाते त्या वाडीत नळी परवडत नाही. सबसिडीचा नकाशा आणि नळीचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर ते जुळत नाहीत. "देशी गॅस देऊन सबसिडी बंद करू" असे जो कुणी सांगतो, त्याला मी हे दोन नकाशे शेजारी ठेवायला सांगतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सबसिडी फक्त उज्ज्वलाच्या ३०० रुपयांत नसते. आयातीचा भाव चढतो तेव्हा तेल कंपन्या सगळ्याच घरांना टाकी खर्चापेक्षा कमी दरात देतात आणि तो तोटा पुढे सरकार भरते. त्यासाठी २०२२ साली २२,००० कोटी रुपये आणि २०२५ साली ३०,००० कोटी रुपये मंजूर झाले. तो भार शहरातल्या टाकीचाही आहे. ठाण्याचे किंवा पनवेलचे एक घर नळीवर आले की आखातातून येणारी आठ-नऊ टाक्यांची आयात कमी होते आणि हा झाकलेला तोटाही तेवढा घटतो. म्हणून माझे मत असे की नळी दाट वस्तीत झपाट्याने टाकावी. त्यातून जी आयात वाचेल, तिचा फायदा वाडीतल्या टाकीला द्यावा. वाडीची टाकी काढून घेऊ नये.

आणखी एक बाजू आहे, रायगडकरांना ती लगेच कळेल. गॅस मोकळा पडलेला नाही. थळचा खत कारखाना त्यावर युरिया बनवतो. उरणचे गॅसवरचे वीजकेंद्र पुरेशा गॅसअभावी पूर्ण क्षमतेने चालत नाही. देशी गॅसचा सरकारने ठरवलेला भाव एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के असा बांधला, त्याला एमएमबीटीयूला (गॅसमधली उष्णता मोजायचे एकक) ६.५० डॉलरची कमाल मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२५ पासून ती ६.७५ झाली. म्हणजे तेव्हा घनमीटरला करांआधी साधारण २१ ते २३ रुपये. हा गॅस वाटताना घरगुती नळी आणि सीएनजी यांना २०१४ पासून प्राधान्य आहे. पण सीएनजीसाठी तो पुरत नाही, आणि २०२४ च्या अखेरीस सीएनजीच्या वाट्याला कात्री लागली. जेवढा स्वस्त गॅस एकाला जास्त दिला, तेवढा दुसऱ्याला बाहेरचा एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला आयातीचा गॅस, घ्यावा लागतो. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटल्यावर एलएनजीचा तात्कालिक बाजारभाव ३० डॉलरच्याही वर गेला होता. खत कारखान्याने महाग गॅस घेतला तर ४५ किलोच्या गोणीचा २६६ रुपयांचा भाव टिकवायला खताची सबसिडी वाढते. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखे होते. स्वयंपाकघराचा वाटा लहान असल्याने ही ओढाताण घरांपुरती सोसण्याजोगी आहे. तरीही "आपलाच गॅस, म्हणजे फुकट" हे डोक्यातून काढायला हवे.

स्थानिक गॅस स्वयंपाकघरात नेण्याचे प्रयोग जुने आहेत आणि त्यांतून खूप शिकण्यासारखे आहे. आपल्याला सगळ्यात जवळचे उदाहरण बडोद्याचे. गुजरातेत तेलाच्या विहिरींतून तेलाबरोबर गॅस निघत होता. बडोदा महानगरपालिकेने १९७२ पासून तो शहरातल्या घरांना नळीने द्यायला सुरुवात केली. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तिथे आहेत. सत्तरच्या दशकात मुंबईहून बडोद्याला गेलेली मावशी तिथल्या शेगडीचे कौतुक सांगायची, असे कितीतरी घरांत ऐकायला मिळते. तिथे तीन गोष्टी जुळल्या: विहिरी जवळ, शहर दाट, आणि नगरपालिका स्वतः पुढाकार घेणारी. वरच्या आसामात आसाम गॅस कंपनी १९६२ पासून आहे आणि तिथल्या चहाच्या मळ्यांना गॅस पुरवते. चहा वाळवण्याच्या भट्ट्या हे तिचे मोठे गिऱ्हाईक, आणि त्यांच्यामुळे नळी आली म्हणून आसपासच्या वस्तीला घरगुती गॅस परवडला. त्रिपुरात ओएनजीसीच्या विहिरींचा गॅस आगरतळ्यात शिरला तोही अशाच कारणांनी. डोंगराळ भाग, टाकीचा ट्रक यायला लांबचा वळसा, आणि गॅस मात्र शेजारी. अशा ठिकाणी स्थानिक गॅस खरोखर टाकीची जागा घेतो.

उलट उदाहरणेही आहेत आणि ती जास्त बोलकी आहेत. बलुचिस्तानातल्या सुई इथे १९५२ साली मोठा साठा सापडला आणि १९५५ पासून तो कराचीकडे गेला. पाकिस्तानात घरच्या गॅसला आजही लोक सुई गॅस म्हणतात, इतका तो घरोघर झिरपला. साठा उतरणीला लागला तेव्हा भाव चढवायची हिंमत बरीच वर्षे कुणी केली नाही. आता हिवाळ्यात घरांना दिवसातले मोजके तास गॅस मिळतो आणि नव्या जोडण्यांवर वेळोवेळी बंदी येते. बांगलादेशातली गोष्ट याहून चटका लावणारी आहे. ढाक्यातल्या लाखो घरांना मीटरच नव्हता. दोन बर्नरच्या शेगडीला महिन्याची ठरावीक रक्कम, मग गॅस कितीही जाळा. काडी वाचावी म्हणून शेगडी दिवसभर पेटती ठेवायची, पावसाळ्यात तिच्यावर कपडे वाळवायचे, हे सर्रास झाले. तिथे साठे आटत आले, २००९ नंतर नव्या घरगुती जोडण्या थांबल्या, २०१८ पासून एलएनजी आयात सुरू झाली आणि नव्या घरांना पुन्हा टाकीकडे वळावे लागले. एका पिढीने जो गॅस कपडे वाळवायला जाळला, तो पुढच्या पिढीला भात शिजवायला मिळाला नाही.

म्हणून माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगायचो, मीटर आधी, शेगडी नंतर. मीटर बसवायला एखाद्या गृहिणीने विरोध केला की ते चिडायचे. मी त्यांना तिच्याशेजारी बसून पहिले बिल समजावून द्यायला लावायचो.

इंडोनेशियाही लक्षात ठेवण्यासारखा. हा देश १९७७ पासून एलएनजी निर्यात करतो. तरीही २००७ साली घरांतले रॉकेल हटवण्यासाठी त्यांनी ३ किलोची हिरवी एलपीजीची टाकी आणली. लोक तिला मेलन म्हणतात, कारण ती कलिंगडासारखी दिसते. रॉकेल सुटले, पण त्यांच्या जमिनीतल्या गॅसमध्ये प्रोपेन-ब्युटेन कमी, म्हणून टाकीतला बहुतेक एलपीजी बाहेरून आणावा लागतो आणि त्यावरची सबसिडी दरवर्षी सरकारला जड जाते. मग तुमच्यासारखाच विचार तिथेही झाला: आपलाच मिथेन नळीने घरांत देऊ. २०२४ पर्यंत ४० लाख घरांचे लक्ष्य ठेवले होते. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही पोचता आले नाही. बेटे विखुरलेली, घरे पसरलेली, आणि सबसिडीची टाकी इतकी स्वस्त की नळीवर जायची कुणाला घाईच नाही. रायगडच्या वाडीत मी जे मोजचाकाने मोजले, तेच तिथे समुद्रापलीकडच्या बेटांवर मोजावे लागते.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो, गॅस संपत आलाय का. मुंबई हाय १९७४ साली सापडले, १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. पन्नास वर्षांच्या क्षेत्राचे उत्पादन कळसावरून कधीच उतरले आहे. तरी ते संपलेले नाही, आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याच्याशिवाय इतरही क्षेत्रे आहेत. त्यांतल्या मोठ्या वसई क्षेत्राचा गॅस बहुतांशी गुजरातच्या हजिऱ्याला जातो आणि तिथून उत्तरेकडे. देशात जेवढा गॅस वापरला जातो त्यातला साधारण निम्मा आजच आयातीचा एलएनजी आहे, आणि एका वाहिनीत देशी आणि परदेशी गॅस मिसळून चालतो. म्हणून तुमच्या घरी नळी आली तर तिच्यातला रेणू मुंबई हायचा की कतारचा, हे कुणी सांगू शकणार नाही. देशी गॅस तुम्हाला मिळतो तो वाटपाच्या कागदावर, म्हणजे भावात. साठा उतरला तर नळी बंद पडत नाही, तिच्यातला गॅस महाग होतो. विहिरीशेजारच्या छोट्या जाळ्याला हा आधार नसतो. विहीर आटली की जाळे कोरडे पडते, म्हणून स्थानिक गॅसचे जाळेही पुढेमागे मोठ्या वाहिनीला जोडायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते.

मग तुमच्या गावाने काय करावे? हे परिस्थितीवर अवलंबून आहे, पण कशावर अवलंबून आहे ते सांगता येते.

पहिले, गावठाण किती दाट आहे ते स्वतः मोजा. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराला घर लागून असेल आणि दर घराला दहा-पंधरा मीटरपेक्षा कमी नळी लागणार असेल, तर मागणी करण्यात अर्थ आहे. कोकणातल्या अनेक आगरी-कोळी गावठाणांत घरे चिकटून आहेत. तिथे नळी नक्की परवडू शकते, अट एवढीच की गल्लीत खोदायला जागा हवी. दुसरे, सगळ्यात जवळची पोलादी नळी किंवा सीएनजी पंप किती अंतरावर आहे ते पाहा. बांधावरच्या मोठ्या वाहिनीचा इथे उपयोग नाही, वितरणाची नळी कुठपर्यंत आली आहे तेच महत्त्वाचे. तुमचा जिल्हा पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने कोणत्या कंपनीला दिला आहे हे जाहीर असते आणि त्या कंपनीवर जोडण्यांची उद्दिष्टे बांधलेली असतात. ग्रामसभेचा ठराव, इच्छुक घरांची यादी आणि खोदाईची ना-हरकत असे तिन्ही एकत्र घेऊन गेलात तर बोलणे पुढे सरकते. नुसते निवेदन दिले तर ते फाइलीत राहते. ग्रामपंचायतीने रस्ता दुरुस्तीचे शुल्क वाजवी ठेवले तर घरामागचा खर्च लक्षणीय उतरतो. मी पाहिलेली अर्धी कामे गॅसअभावी अडली नव्हती, खोदाईच्या परवानगीअभावी अडली होती.

आणि परवानगी दिल्यावर एक जबाबदारी गावाचीही. एकदा एका गावात पाण्याच्या लाईनसाठी जेसीबी चालवताना ठेकेदाराने आमची ६३ मिलिमीटरची पिवळी नळी तोडली. नळीच्या वरच्या थरात इशाऱ्याची पट्टी होती, ती बकेटमध्ये गुंडाळून वर आली होती, तरी त्याने थांबवले नाही. शिट्टीसारखा आवाज, वास, धावपळ. शेजारच्या घरातल्या आजींनी सगळ्यांत आधी अंगणातली चूल विझवली आणि पोरांना हाकलले, म्हणून कुणाला काही झाले नाही. मिथेन हवेपेक्षा हलका, मोकळ्यावर वर निघून जातो. टाकीतला गॅस जड, खाली साचतो. त्या दिवशी हा फरक आमच्या उपयोगी पडला. पण प्रत्येक वेळी नशिबावर सोडता येत नाही. गावात कुणीही खोदायच्या आधी कंपनीला फोन करायचा, हा नियम ग्रामपंचायतीने लेखी करावा.

घरे विखुरलेली असतील, तर मी तुम्हाला नळीची आशा लावणार नाही. तशा वाडीत टाकीवरची सबसिडी हाच सरकारचा पैसा सर्वांत नीट लागतो, आणि लढायचेच असेल तर ती वेळेवर खात्यात जमा व्हावी आणि वर्षाच्या चारऐवजी सहा-सात टाक्या परवडाव्यात यासाठी लढा. जोडीला ज्यांच्या गोठ्यात तीन-चार गुरे आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार करावा. तोही मुख्यतः मिथेनच. तो परसातच तयार होतो, त्यामुळे तिथे ना वाहिनी लागते ना गेट स्टेशन. आमच्या मामाच्या घरी कितीतरी वर्षे त्यावर चहा होत असे.

नळी येणारच असेल तर शेगडीबद्दलही विचारून ठेवा. टाकीच्या गॅसची आणि पाईप गॅसची शेगडी तीच चालते, पण जेट बदलावे लागतात. नैसर्गिक वायूत घनमीटरमागे उष्णता कमी असते, म्हणून जेटचे भोक मोठे हवे. तोच जेट ठेवला तर ज्योत बारीक पडते आणि गृहिणी म्हणतात, "या गॅसला जोर नाही." उपनगरातल्या एका चाळीत पहिल्या दिवशी गॅस चालू केला तेव्हा एका काकूंनी मला हेच सुनावले होते. आमच्या माणसाने घाईत एकाच बर्नरचा जेट बदलला होता. दुसरा बदलल्यावर त्यांनी तवा ठेवला, भाकरी टाकली, ती टम्म फुगली. मग त्या ओट्याखालची टाकी बाहेर काढायला तयार झाल्या, तोवर नाही.